आवर्तन सुटलं

सकाळपासून योगिनीचा अंगठा मोबाईलवरून हटत नव्हता. तिच्या बँडचा अल्बम शुक्रवारी, म्हणजे आज पहाटेच बाहेर पडला होता. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला एकही शेवटापर्यंत पोचला नव्हता.

'गुऱ्हाळ' बँडला इंदापूर-बारामतीत ओळखत ते हळदीच्या नाचगाण्यांमुळे. पाऊण तासाचं एकच सलग गाणं करायचा हट्ट योगिनीचा. सणसरच्या एका रिकाम्या पोल्ट्री शेडला आतून अंड्यांचे ट्रे ठोकून त्यांनी ते वर्षभर रेकॉर्ड केलं. नाव ठेवलं 'आवर्तन'. हे फसलं तर जन्मभर हळदीच वाजवायच्या, हे तिला ठाऊक होतं.

शेडबाहेर मोटारसायकली थांबल्या. पाच-सहा जण उतरले, खांद्यावर खोरी.

“आवर्तन कुठाय?” पुढच्या दत्तोबा तात्यांनी विचारलं.

योगिनीचा चेहरा उजळला. “ऐकायला आलात?”

“ऐकायला? कालवा ठणठणीत कोरडा हाय! उसाला खत टाकून बसलोय आमी.” त्यांनी फोन पुढं धरला. बँडच्या ड्रमवाल्या ऋषिराजने गावच्या ग्रुपवर टाकलं होतं: 'आवर्तन शुक्रवारी सुटणार!'

बाजूला उभ्या ऋषिराजने जीभ चावली. या भागात आवर्तन म्हटलं की कुणाला तबला आठवत नाही, कालव्याच्या पाण्याची पाळी आठवते. आणि हा शहाणा वर 'सुटणार' लिहून मोकळा!

“चुकलं, तात्या.” योगिनीला रडूच यायचं बाकी होतं. “आमच्या गाण्याचं नाव हाय ते.”

“पाण्याचं नाव गाण्याला? लावा बघू, काय सुटलंय ते.”

तिने स्पीकर लावला. पहिल्या ठेक्यावर माना हलल्या. मग गाणं संथ झालं.

“हळदीचं लावा की,” कुणीतरी म्हणालं. थोड्या वेळाने एक मोटारसायकल सुरू झाली, मग दुसरी. ऋषिराज पाय हलवत जमिनीकडे बघत राहिला.

शेवटी तात्या तेवढे उरले, खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून. चेहऱ्यावरून काही कळेना.

योगिनीला बसवेना. ती उठली. “तात्या, कंटाळा आला असंल तर बंद करते.”

“ऱ्हाऊ दे. माजं रान कालव्याच्या पार टोकाला हाय, पाणी सगळ्यात शेवटी येतं. शेवटापतूर थांबायची सवय हाय मला.”