रोजचं वजा जाता

"तिचा शेवटचा निरोप तुझ्या फोनमध्ये आहे ना? लाव बघू," अण्णा म्हणाले.

तेराव्याला आलेली शेवटची पाहुणे मंडळी सकाळच्या गाडीनं गेली होती. बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरात आता बाप-लेक दोघंच. केतकी सतरंज्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"त्यात काही नाही, अण्णा. नेहमीचंच आहे. जेवलीस का, वगैरे."

"तेच ऐकायचंय मला."

गेले तेरा दिवस येणारा प्रत्येकजण सांगून गेला होता की काही कळायला मार्गच नव्हता. डॉक्टरही तेच म्हणाले होते. अण्णा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, रांग मोठी होती, आणि ते परत आले तोवर केतकीची आई, प्रेमाताई, गेलेल्या होत्या. त्या दोन तासांत त्या जे काही बोलल्या ते एवढंच, केतकीच्या फोनमध्ये. केतकीनं ते त्याच दिवशी ऐकलं होतं. नंतर पुन्हा लावायचा धीर तिला झाला नव्हता.

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. चिवचिवाट झाला आणि संपला.

अण्णा दचकले. "ही कोण?"

"आईच आहे."

"छे. इतक्या घाईनं ती उभ्या जन्मात बोलली नाही."

"मी निरोप दुप्पट वेगानं लावते, अण्णा. फोनमध्ये तशी सोय असते. वेळ वाचतो."

"तिचेही?"

"सगळ्यांचेच."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "म्हणजे आईला तू असं ऐकायचीस," ते एवढंच म्हणाले.

त्या दिवशी कामच तसं होतं. अंदमानच्या पलीकडं समुद्रतळाशी भूकंप झाला होता, आणि केतकी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात बसून त्सुनामीच्या मागावर होती. भर समुद्रात ही लाट दोन-तीन सेंटिमीटरच असते, वरून जाणाऱ्या जहाजालाही तिचा पत्ता लागत नाही. तळाशी ठेवलेलं यंत्र डोक्यावरच्या पाण्याचं वजन करतं, वर तरंगणारा बोया ते कळवतो, आणि पुढची खबर किनाऱ्यांवरची भरती मोजणारी यंत्रं देतात. केतकीचं काम त्या आकड्यांतून रोजची भरती-ओहोटी वजा करायचं. उरेल ती लाट. यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. पहिल्या बोयावरचे अडीच सेंटिमीटर तिनंच पकडले होते.

आईचा निरोप मध्येच आला, तो तिनं त्याच सवयीनं ऐकला. जेवलीस का, वजा. अण्णा बँकेत, वजा. स्वल्प हे, स्वल्प ते, वजा. ‘थोडं’ हा शब्द प्रेमाताईंनी चाळीस वर्षांपूर्वी बंगळुरात पाऊल टाकल्या टाकल्या सोडून दिला होता. त्यांचं सगळं कानडीतलं स्वल्प असायचं. भात स्वल्प, साखर स्वल्प, रागसुद्धा स्वल्प. निरोपातून बाकी काही उरलं नाही. ‘सरी आई’, म्हणजे कानडीत ‘बरं’, असं उत्तर टाकून केतकी पुन्हा लाटेमागं धावली होती.

आता तिनं वेग साधा केला. निरोप अठ्ठेचाळीस सेकंदांचा होता. तिनं चोवीस सेकंदांत उरकलेला.

"केतकी... जेवलीस का ग?... अण्णा बँकेत गेलेत... मी... स्वल्प आडवी होते. कपडे काढायला... गच्चीवर गेले होते... जिना चढून... स्वल्प दम लागलाय. काही नाही ग... तुझी लाट... पोचली का? पोचली की... सांग हं."

दुप्पट वेगात सलग वाटलेल्या बोलण्यात शब्दाशब्दाला खंड होता. प्रत्येक खंडात तोंडानं ओढून घेतलेला श्वास ऐकू येत होता. केतकीला रडू आवरेना.

"अण्णा, ती दम लागलाय म्हणाली होती. मला म्हणाली होती. मी ऐकलं होतं हो."

अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांची नजर फोनवरच होती. त्यांनी विचारलं, "मग, पोचली का?"

"कोण?"

"तुझी लाट. तिनं विचारलंय ना."

"पोचली. वीतभर होती. कुणाचे पायसुद्धा भिजले नाहीत."

"बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. फोनच्या काचेवर बोट टेकवायला गेले, पण नेमकं कुठं ते न कळून थांबले.

"परत लाव," ते म्हणाले. "आणि बघ ना, याहून सावकाश लागत नाही का ग?"