हिवाळ्याची खोळ

ओरेस्त मोटरहोमच्या छपरावर गुडघे टेकून बसला होता आणि दोरीचं टोक दातांत धरून गाठ आवळत होता.

खाली, गाडीच्या मागे, त्याची बायको स्टेफ्का गाडीवर चढवायच्या खोळीची कड दोन्ही हातांनी ताणून उभी होती. तिने ते पाहिलं. गाठ दातांनी, म्हणजे डावा हात आवळत नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यावर बाईला आणखी काय सांगावं लागतं? एप्रिलपासून विचारलं की त्याचं एकच, हात ठीक आहे, अधूनमधून झोपतो. हाताऐवजी हाच झोपला असता आज दुपारी, तर बरं झालं असतं.

मग तिला दिसलं, दोरी त्याने कमरेला बांधली आहे. खोळीच्या पुढच्या कडेची दोरी. ती हातात धरून पुढे सरकायचं आणि गाडीच्या नाकावरून खाली सोडायची, अशी अठरा वर्षांची रीत. याने कमरेला बांधली. धरायला हात नको.

वारा उत्तरेकडून आला. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या माळावर वाऱ्याला अडवायला होतं काय, एक धान्याचं कोठार आणि गावाच्या टोकाची ही दोन घरं. खोळ पोटात वारा भरून फुगली आणि स्टेफ्का दोन पावलं ओढली गेली. ती खाली बसली, कड मांडीखाली दाबली, टाचा मातीत रोवल्या. आता उठायची सोय नव्हती. ती उठली की खोळ मागून उचलली जाणार, तिचं शीड होणार, आणि कमरेला बांधलेला म्हातारा बारा फुटांवरून खाली जाणार.

"ओरेस्त, दोरी सोड."

तो म्हणाला, बांधलीय ती बरी आहे, तू तुझं टोक सांभाळ. पण त्याचा उजवा हात कमरेशी चाचपडत होता. थुंकीने ओली झालेली गाठ एका हाताला दाद देईना.

कुंपणापलीकडे शेजारचा डेलबर्ट ट्रकला बर्फात चालायचे टायर बसवत होता. रेडिओवाला संध्याकाळी बर्फ पडणार म्हणून सांगत होता, म्हणून सकाळीच ती म्हणाली होती की डेलबर्टला हाक मारू. त्यावर ओरेस्त तीन तास बोलला नव्हता. डेलबर्ट माणूस चांगला, पण तोंडाला झाकण नाही, आणि त्यांच्या लेकीचा, लेस्याचा, वर्गमित्र. त्याला हात कळला म्हणजे रात्रीच्या आत लेकीला कळला. लेकीला कळला की तिने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्याच. मग वसंत येईल, हंस परत येतील, आणि गाडी खोळीतच. ओरेस्तला त्या गाडीवाचून दुसरं होतं काय?

वारा पुन्हा आला. ओरेस्त छपराच्या कडेकडे हातभर सरकला. स्वतःहून सरकला नाही.

"डेलबर्ट, ये रे इकडे. मला जमत नाहीये."

या बाईने चाळीस वर्षांत शेजाऱ्याकडे कोबीला लावायचं मीठसुद्धा मागितलं नव्हतं. डेलबर्ट हातातला पाना तसाच घेऊन आला, तोंडभर हसत.

"काकू, तुम्हाला जमत नाही? थांबा, आज तारीख काय ते लिहून ठेवतो."

तिने ऐकून घेतलं. हातातली ताकद गेली म्हणाली, म्हातारी झाले म्हणाली, बस इथे खोळीच्या कडेवर, गाडीकडे पाठ कर आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस. डेलबर्ट अंगाने भरलेला. तो बसला तशी खोळ दबली. वर कशाला चाललात, त्याने विचारलं. ती म्हणाली, त्या शहाण्याने छपराच्या कोपऱ्यांना मोजे बांधले नसतील, खोळ फाटली की मग मलाच शिवायची. एवढं ती रोजच बोलायची. डेलबर्टला खरं वाटलं.

बाजूला टेकवलेल्या शिडीवरून ती चढली. छपरावरून रांगत पुढे गेली. गुडघे बोलत होते, त्यांना बोलू दिलं. चारही कोपऱ्यांना जुने लोकरी मोजे नीट बांधलेले होते. ओरेस्तने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने गाठीत नखं घातली, एक नख तुटलं. शेवटी तिनेही दात लावले.

गाठ सुटली.

"काय सांगितलंस त्याला?" तो पुटपुटला.

"मी थकले म्हणून."

मग म्हणाला, "थकलीयस?"

"तोंड बंद ठेव आणि पाय उचल."

दोरीचं टोक तिने छपरावरच्या कडीला दोन वेढे देऊन आवळलं आणि त्याला पुढे घालून शिडीपर्यंत आणलं. आधी ती उतरली, एक पायरी. मग तो, तिच्या दोन्ही हातांच्या मधे. शिडी करकरली. डेलबर्टची मान वळू लागली.

"डेलबर्ट, समोर बघ. माझा स्कर्ट वर गेलाय."

त्याचे कान लाल झाले. तो गवताकडे बघत बसला. तिचा जाड लोकरी स्कर्ट घोट्यापर्यंत जिथल्या तिथे होता.

प्रत्येक पायरीला ती हात वर करून ओरेस्तची डावी बोटं दांड्याभोवती वळवत होती, एकेक करून. बोटं गार होती. तो वळवू देत होता.

"काकू," पाठमोरा डेलबर्ट म्हणाला, "वय झालं आता तुमचं. पुढच्या वर्षी मलाच बोलवा."

"झालं रे बाबा," ती म्हणाली, आणि करंगळी वळवली.