तळहातावरचा पत्ता

“पावना उनात, ज्योती. चाल,” बळीराम दारातूनच लेकीला म्हणाला. घरी पाहुणे येऊन बसले होते.

पर्वत पाटिया भागातल्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी दुपारी दुसरं कोणी नव्हतं. ज्योती तिथं शिकवायची. तिनं मान वळवली नाही. “दहा मिनिटं, आबा. एवढं पुसून घेते.”

काय पुसते आहे ते त्याला कळेना. चपला बाहेर काढून तो आत आला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्यावर हिरवं मैदान होतं. मैदानात एक घर. निळ्या भिंती, बाहेरून वर जाणारा जिना, गच्चीवर एक झाड.

“हाई काय शे?”

“माझं घर. इंटरनेटवर एक गाव आहे, तिथं कुणीही यावं आणि बांधावं. क्लास सुटल्यावर रोज अर्धा तास बांधत होते. तीन महिने.”

तिनं एका खिडकीवर बाण नेऊन बटण दाबलं. खिडकीभोवती उजेडाची चौकट उमटली, बाजूला एक लहान पाटी उघडली. पाटीवर इंग्रजी शब्द होते. सरकवा, फिरवा, नक्कल काढा, पुसा, असं तिनं बोट ठेवून सांगितलं. मग शेवटचा शब्द दाबला. खिडकी गेली. तिच्या जागी आभाळ दिसू लागलं.

बळीरामनं मागावर तीस वर्षं काढली होती. एक वीट घ्यायची, तिची नक्कल काढायची, शेजारी सरकवायची. साडीच्या काठावर बुट्टी अशीच तर पुढे जाते. हे आपलंच काम आहे, असं त्याच्या मनात आलं. पण आपल्याला कळलंय ते बरोबर की चूक, याची खात्री नव्हती.

“कशाले पुसस?” एवढंच त्यानं विचारलं.

“उद्यापासून ह्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसेल. नाव, पासवर्ड क्लासचाच. ती माझ्या भिंती हलवणार, रंग बदलणार. त्यापेक्षा मीच पुसते.” ज्योती थांबली. “त्यांनी सांगितलंय ना, लग्नानंतर कॉम्प्युटर बंद.”

सांगितलं होतं. मागच्या रविवारी, मुलाच्या वडिलांनी. आणि बळीरामनं मान डोलावली होती.

जिना गेला. गच्ची गेली, झाड अधांतरी राहिलं. तेही गेलं. तेवढ्यात कडेनं एक बाहुला चालत आला आणि घरासमोर उभा राहिला. त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

“हाऊ कोन?”

“शेजारी. कुठल्या देशातला आहे, माहीत नाही. का पाडतेस, म्हणून विचारतोय.”

“तू काय सांगं?”

“काही नाही.”

बाहुला हलेना. बळीरामला उगीचच वाटलं, तो आपल्याकडेच बघतो आहे. त्यानं नजर घरावर नेली. भिंती निम्म्या उतरल्या होत्या, आतलं सगळं दिसत होतं. एक टेबल, पुस्तकांची फळी, एक खुर्ची.

“चूल कोठे शे?”

“नाही केली.” ज्योती जराशी हसली. “दारही राहिलंय. उंबरा मात्र पहिल्या दिवशीच ठेवला.”

शेवटी तो उंबराच उरला. हिरव्या मैदानात एक लांबट दगड. बाण दगडावर आला, उजेडाची चौकट उमटली.

बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपत आला तरी शेवटचे धागे मागातून ओढून काढायचे नसतात. ते फणीत तसेच ठेवायचे. नवा बीम आला की त्याचा एकेक धागा त्यांनाच गाठायचा. ते काढले तर पहिल्यापासून सगळं ओवावं लागतं. हे ज्योतीला कसं सांगावं, ते त्याला सुचेना.

“हाऊ ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

“कुणीतरी हलवेल, आबा.”

“एवढासा दगडले कोन हात लाई?”

ज्योतीनं बटणावरून बोट उचललं.

“पत्ता लिखी दे,” असं म्हणून त्यानं हात पुढे केला. तो डावखुरा होता. बीमचा नंबर विसरू नये म्हणून उजव्या तळहातावर लिहायची त्याची जुनी सवय. पुढे आला तोही उजवाच. ज्योतीनं पेननं लिहिलं. ४१ उत्तर, ११७ पश्चिम, त्या गावातली उंबऱ्याची जागा.

घरी जाताना त्यानं सायकल एका हातानं चालवली. ज्योती मागे बसली होती.

खोलीत पाहुण्यांचा चहा होऊन गेला होता. मुलाचे वडील, शालिग्रामआप्पा, चटईवर ऐसपैस बसले होते. ज्योतीच्या आईनं, सरस्वतीनं, साखरेची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. व्याह्याच्या हातावर साखर पडली की बोलणं पक्कं.

“घ्या व्याही, तोंड गोड करा,” म्हणत आप्पांनी साखरेची चिमूट उचलली.

बळीरामनं डावा हात पुढे केला.

आप्पा हसले. “अहो, डावखुरे असाल मागावर. साखरेला उजवा लागतो.”

बळीरामची उजवी मूठ मांडीवर होती. ती त्यानं उघडली नाही. सरस्वतीनं त्याला कोपरानं ढोसलं. आतल्या दाराशी पदर सावरत ज्योती येऊन उभी राहिली होती.

“मागावर हात कापला की काय?” आप्पांनी विचारलं.

“नही,” बळीराम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून तो पुन्हा बोलला. “नही. त्यावर लिखेल शे. पुसाई जाई.”

आप्पांची चिमूट हवेत तशीच राहिली. बोटांतून साखरेचे दाणे एकेक करून चटईवर पडू लागले.