चौथी पट्टी

रूबीबाईंनी बोया टीपॉयवर ठेवला नाही. मांडीवरच धरून बसल्या. कृष्णकांत हात पुढे करून उभे होते, तरी त्या तो देईनात.

"मम्मी, द्यायला आलोय आपण," त्यांची मुलगी आदिना म्हणाली. "विमानात हा असा मांडीवर चालणार नाही."

जुन्या पनवेलातलं घर आवरून मायलेकी पुढच्या आठवड्यात इस्रायलला चालल्या होत्या, आदिनाच्या भावाकडे, रोनेनकडे. कपाटं, भांडी, शिवणयंत्र, सगळं कुणी ना कुणी नेलं. बुडणाऱ्याकडे फेकायचा हा गोल, पांढरा बोया मात्र कुणालाच नको होता. मग नवीन पनवेलात एकजण असल्याच वस्तू जमवतो, असं आदिनाच्या कानावर आलं.

वस्तू हॉलभर होत्या. किनाऱ्यावरून अडकलेल्या जहाजाला हाक मारायचा पितळी कर्णा. धुक्यात हातानं फिरवून वाजवायचा भोंगा. बुचाची जाकिटं तर अर्ध्या सोफ्यावर पसरलेली. कृष्णकांतांच्या पत्नी आशालताताईंनी त्यातलंच एक बाजूला सारून चहाचा ट्रे ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे बसायला जागा नसते. बुडायची भीती तेवढी नाही."

रूबीबाई हसल्या. मग हसू तसंच ठेवून सांगू लागल्या. त्यांचे वडील हासाजी रेवदंड्याला एका लॉन्चवर खलाशी होते. एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. हासाजींनी एका तरुण पोराकडे हा बोया फेकला. ओढून घेतला तेव्हा तो रिकामा होता. हासाजीचा नेम चुकला, असं गाव म्हणालं. बाजारात म्हणालं, सिनेगॉगच्या पायरीवर म्हणालं. त्या पोराच्या आईनं तर दारात येऊन ऐकवलं. शेवटी हासाजींनी बिऱ्हाड पनवेलला हलवलं. पुन्हा लॉन्चवर पाय ठेवला नाही.

"तुम्ही यातले जाणकार," रूबीबाई म्हणाल्या. "जाण्याआधी मला एकदा सांगा, भाऊ. बाबांचा नेम चुकला होता का?"

आता इतक्या वर्षांनी बोया बघून ते कसं सांगतील, असं आदिनानं आईला समजावून पाहिलं. कृष्णकांतांनाही तसंच वाटत होतं. पण बोया एकदाचा हातात आला होता, आणि हातात आलेली वस्तू बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. नोकरीभर त्यांनी प्रयोगशाळेत दोर आणि कापड तुटेपर्यंत ताणून पाहिलं होतं. झिजलेलं काय आणि तुटलेलं काय, हे त्यांचा अंगठा डोळ्यांआधी ओळखायचा.

बोयाभोवती धरायची दोरी होती. शिडाच्या कापडाच्या चार पट्ट्या शिवून ती जागोजागी जखडलेली होती. तीन पट्ट्यांची शिवण बारीक, एकसारखी. चौथीवर रंगाचा जाड थर होता, आणि थराखाली मोठे, ओबडधोबड टाके हाताला लागत होते. ते बोया घेऊन खिडकीपाशी गेले. नखानं रंगाचा पापुद्रा उचलला. मोठ्या टाक्यांच्या शेजारी आधीच्या शिवणीची भोकं दिसली. तीही बारीकच, पण गोल राहिली नव्हती. सगळी एकाच दिशेला ताणून लांबट झाली होती, शर्टाचं बटण हिसक्यानं तुटलं की होतात तशी.

म्हणजे बोया पोचला होता. त्या पोरानं दोरी पकडली होती, अंगाचा सगळा भार टाकला होता, आणि शिवण उसवून दोरी त्याच्या हातातून सुटली होती. हासाजींनी ती पट्टी नंतर स्वतः शिवली, वरून रंग दिला, आणि गाव बोलेल ते ऐकून घेतलं. का ऐकून घेतलं, ते कृष्णकांतांना कळेना. एक वाक्य बोलले असते, तर गाव सोडावं लागलं नसतं. ते वाक्य आता आपण बोलायचं, या कल्पनेनंच त्यांना हलकं वाटलं.

"रूबीताई, तुमच्या वडिलांनी–"

"बारीक आहे ना शिवण?" रूबीबाई म्हणाल्या. "माझी आहे ती. तेरा वर्षांची होते. लॉन्चवरच्या शिवणकामाला बाबांना माझ्याशिवाय कुणी चालायचं नाही. सगळ्यांना दाखवायचे, रूबीचा हात बघा म्हणून."

"हे मला कधी सांगितलं नाहीस," आदिना म्हणाली.

कृष्णकांत खिडकीपाशीच थांबले. आशालताताईंनी चहा निवतोय म्हणून खूण केली, ती त्यांनी पाहिली नाही. वाक्य ओठांवर तयार होतं. त्या वाक्यानं बाप सुटत होता आणि लेक अडकत होती.

"नेम नव्हता चुकला," अखेर ते म्हणाले. रूबीबाई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. "संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी वारा समोरून असतो. बोया बुचाचा, हलका. अशा वाऱ्यात तो कुणीही फेकला असता, तरी मागेच आला असता."

"बघ," आदिना आईला म्हणाली. "वारा होता. झालं समाधान?"

रूबीबाई उठून खिडकीपाशी आल्या. बोया कृष्णकांतांच्याच हातात राहू देऊन त्यांनी दोरीवरून बोटं फिरवत नेली. तीन पट्ट्या ओलांडल्या. चौथीवर, रंग उखडला होता तिथे, त्यांचा अंगठा थोडा वेळ टेकून राहिला.

"घरी बाबाही वाऱ्याचंच नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या.