गोठ्याचा अडसर

रेडा गोठ्यात शिरला आणि अंगणातल्या सगळ्यांनी पेदाकडे पाहिलं. आता तिनं अडसर सरकवायचा होता. ती हलली नाही.

रेडा चांगला होता, खोटं कशाला बोला. लांब शिंगं, मान भरलेली. पण तो तिच्या लेकीच्या, लेदाच्या बदल्यात आला होता. काल भर बाजारात पाच जणांनी लेदाला उचललं, गाडीच्या हौद्यात आडवी टाकली आणि डोंगरापलीकडे नेली. ती ओरडत होती आणि लोक सुपारीचा भाव करत होते. आज तीच माणसं कमरेला कोयते लावून सोयरीक जोडायला आली होती.

आमच्या सुंबा बेटावर गोठा म्हणजे नुसती ढोरं कोंडायची जागा नव्हे. लग्न ठरलं का, हे विचारायचं तर 'गोठा लागला का?' असंच विचारतात. लागोपाठ मुली झालेल्या घराला 'यांचा गोठा भरणार' म्हणून चिडवतात. मुलाकडचं जनावर आत आलं आणि घरच्या बाईनं आपल्या हातानं अडसर सरकवला, की दिला शब्द. मग मुलगी रडो नाहीतर पडो. बाईनं नाही सरकवला, तर जनावर परत जातं आणि मुलगी घरी येते. रीत अशी आहे. आजवर किती जणींनी नाही सरकवला, ते मात्र विचारू नका.

तिचा नवरा मालो ओट्यावर बसून पाहुण्यांनी दिलेलं पान चघळत होता. मान खाली. बोलायचं काम त्याच्या थोरल्या भावानं, बोरानं, आपल्या अंगावर घेतलं होतं. बोराच्या मुलाचं लग्न अडलं होतं आणि हाच रेडा तो पुढे होणाऱ्या सुनेच्या घरी देणार होता, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“पेदा, माणसं उन्हात उभी आहेत,” बोरा म्हणाला.

“मग बसू देत की सावलीला. अडवलंय कोणी?”

“पोरगी एक रात्र त्यांच्या घरात राहिली. आता परत आणून काय लोणचं घालणार आहेस तिचं?”

“माझी पोरगी आहे, भावजी. काय घालायचं ते मी बघेन.”

पाहुणे हसले. नवऱ्या मुलाचा भाऊ म्हणाला की आमच्याही डोक्याला ताप झालाय, तुमच्या लेकीनं दादाच्या दंडाचा लचका तोडलाय आणि कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. त्याला वाटलं आपण तक्रार करतोय. पण पेदाचे डोळे एकदम भरून आले. पळवून नेलेल्या घरचं पाणी प्यायलं की संपलं, हे लेदाला लहानपणी तिनंच शिकवलं होतं. पोरगी धरून बसली होती. मग आईनं का सोडायचं?

ती अडसरापासून दोन पावलं मागे सरली.

बोराचं डोकं फिरलं. त्यानं झडप घालून तिचं मनगट धरलं, तिला खांबावर आपटलं. तिचा ओठ फुटला. तिचा पंजा त्यानं अडसरावर दाबला, वरून आपला हात ठेवला आणि सगळं वजन टाकून अडसर आत ढकलला. लाकूड खाचेत बसल्याचा आवाज झाला. पाहुण्यांनी आरोळी ठोकली.

त्यांचा मध्यस्थ, म्हातारा लेरो, काठीवर जोर देऊन उठला. अशा बैठकीत तो जे म्हणेल ते दोन्ही घरांना मानावं लागतं.

“अडसर कुणी सरकवला?” त्यानं विचारलं.

“हिनं. हात हिचाच,” बोरा म्हणाला. अडसरावर दाबलेलं तिचं मनगट त्यानं अजून सोडलं नव्हतं.

मालो उठून जवळ आला होता. सोडवायला की धरायला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. पेदानं डाव्या हातानं मालोच्या कमरेचा कोयता उपसला आणि अडसरावरच्या हातांवर घाव घातला. आपला कुठला, बोराचा कुठला, तिनं बघितलं नाही.

बोरा गुरासारखा ओरडला आणि हात पोटाशी धरून शेणात बसला. पाहुण्यांचे कोयते बाहेर आले. लेरोनं काठी आडवी धरली, म्हणून ते जागच्या जागी थांबले.

पेदाच्या मनगटावरूनही रक्त वाहत होतं. “लेरोबाबा,” ती म्हणाली, “अडसरावरून बोटं पडलीत. कुणाची आहेत, सांगा.”

म्हातारा वाकला. शेणातून त्यानं दोन बोटं उचलली, धोतराला पुसली, उलटी करून पाहिली. जाड, तंबाखूनं पिवळी पडलेली. तिची पाचही बोटं अडसरावर होती.

“पुरुषाची आहेत,” तो म्हणाला. “अडसर बाईनं सरकवलेला नाही.”

“बाबा, तुम्ही आमच्या बाजूनं आलात,” नवऱ्याचा भाऊ दातओठ खात म्हणाला.

“बाजू तुमची. जीभ माझी आहे.”

लेरोनंच अडसर मागे ओढला. रेडा निघेना, त्याला गोठा आवडला होता. तेव्हा मालोनं तोंडातलं पान थुंकलं, आत जाऊन कासरा धरला आणि पाहुण्यांना म्हणाला, चला, मीही येतो, पोरीला घेऊनच परतेन. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

ते लोक डोंगराकडे निघाले. शेजारीण चिंध्या घेऊन धावत आली. पेदाचं मनगट बांधताना तिचं लक्ष गोठ्याकडे गेलं. घरच्या म्हशी उघड्या दाराशी येऊन उभ्या होत्या. ती अडसर लावायला उठली.

“राहू दे,” पेदा म्हणाली. “लेदा आली की लावील.”