ओतिलिया मावशींची बादली

ओतिलिया मावशींच्या जंगलाला लागूनच माझं सुतारकामाचं दुकान. त्यांच्याच स्प्रूसच्या लाकडाचं एक बाकडं त्यांच्यासाठी करतो म्हणून किती मागे लागलो, तर म्हणाल्या, "मेल्या, तुला उभ्या झाडातही बाकडीच दिसतात! माझ्या घरात झाडाचं मढं नको." आणि लुब्लियाना शहरातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.

त्या वर्षी वनखात्याच्या विंकोनं सात झाडांवर लाल खूण केली. "मावशी, सालीखाली भुंगेरा शिरलाय. एवढी सात कापून ह्या सुताराला द्या, बाकीचं जंगल वाचेल."

विंकोची पाठ वळली आणि मावशी गरम पाण्याची बादली नि तारेचा ब्रश घेऊन निघाल्या. सातही खुणा घासून काढल्या. पुढच्या वर्षी चाळीस खुणा झाल्या. त्याही घासल्या.

मला दुकानात बसवेना. दिवसातून चारदा रंधा टाकून कुंपणाशी जायचो आणि वर बघायचो. शेंडे तांबडे पडत चालले होते.

"पाऊस झाला की होतील हिरवे," मावशी म्हणायच्या. "तू आपला रंधा मार."

काल विंको पुन्हा आला आणि दिवसभर जंगलात फिरला. तो बाहेर पडतो न पडतो तोच मावशी बादली घेऊन आत गेल्या, आणि तिथूनच आनंदानं ओरडल्या, "यंदा एकच खूण रे विंको! सांगत नव्हते मी?"

विंको मागे फिरला. त्यानं मावशींच्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला.



"ती पुसू नका, मावशी. तेवढं एकच झाड ठेवायचंय."