सगळ्या फोनवरून बाहेर

"पासवर्ड बदललास? मला न विचारता?" दादाने औषधांचा खोका काउंटरवर आपटला. "मेलचं अकाउंट काढून कुणी दिलं होतं तुला? सख्ख्या भावापासून लपवाछपवी करतेस!"

मीही तापलेच. "कुणीतरी दुसऱ्याच फोनवरून माझं अकाउंट उघडतंय, असा मेसेज आला. म्हणून पासवर्ड बदलला आणि सगळ्या फोनवरून साइन आउट केलं. त्यात तुझं काय बिघडलं?"

"माझं काय बिघडणार? तुझ्याच काळजीपोटी मेल बघायचो. एवढे अर्ज करतेस, कुणी हिंग लावून विचारत नाही, मग तोंड पाडून बसतेस. शेवटी आपलं हे मेडिकलच तुला सांभाळून घेतंय ना?"

खोटं नव्हतं ते. दोन वर्षांत एकाही हॉस्पिटलचं उत्तर आलं नव्हतं. माझ्यातच काहीतरी कमी असेल, असं मी धरून चालले होते.

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. सकाळीच मेल आला होता. 'मुलाखतीसाठी आपल्याला तीनदा कळवलं, पण आपलं उत्तर आलं नाही. ही शेवटची विचारणा.'

दादाने मेल वाचला. आवाज एकदम खाली आला. "अगं, तू गेलीस तर इथे कोण..."

मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं माझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेमसकट उतरवलं.

"दुकान मला सांभाळतंय ना, दादा? मग आता फार्मासिस्टशिवाय चालवून दाखव."